बिघडलेल्या दस्तऐवज-फाइलची पुनर्प्राप्ती

वर्ड, लिबरऑफिस यांसारख्या वर्ड प्रोसेसरमध्ये तयार केलेली, पण अंतर्गत रचना मोडल्यामुळे न उघडणारी किंवा निरर्थक चिन्हे दाखवणारी फाइल पुन्हा वाचनीय करण्याची क्रिया. व्यवहारात ‘फाइल करप्ट झाली’, ‘फाइल उडाली’ असे म्हणतात. अहिराणी बोलणारा ‘फाइल उघडस नही’ म्हणतो. ‘उडाली’ या शब्दात मात्र दोन वेगळ्या घटना मिसळतात. पुसलेली फाइल डिस्कवरून शोधून काढणे हा निराळा विषय आहे. येथे जागेवर असलेल्या, पण आतून भंगलेल्या फाइलचा विचार केला आहे.

फाइल जतन होत असतानाच वीज जाणे, लिहिणे पूर्ण होण्यापूर्वी पेन ड्राइव्ह ओढून काढणे, डिस्कचा भाग खराब होणे आणि व्हायरस ही बिघाडाची नेहमीची कारणे. भारनियमनाच्या वर्षांत जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील डीटीपी दुकानांत पहिले कारण फार परिचित होते. वीज जाण्याच्या क्षणी फाइलचे आकारमान नोंदले गेले, पण मजकूर डिस्कवर उतरला नाही, तर फाइल वरून नेहमीएवढी मोठी दिसते आणि आत नुसती शून्ये असतात. अशा फाइलमधून कोणतेही साधन काही काढू शकत नाही. तिची तात्पुरती प्रत शोधणे एवढाच मार्ग उरतो.

जुनी ‘डॉक’ फाइल (वर्ड ९७ ते २००३) म्हणजे एका फाइलमध्ये बसवलेली छोटी फाइल-व्यवस्थाच होय. तिच्यात साधारणतः ५१२ बाइटांचे कप्पे असतात आणि कोणत्या कप्प्यानंतर कोणता, हे एक तक्ता सांगतो. तक्ता बिघडला की मजकूर शाबूत असूनही त्याचा क्रम हरवतो. फाइलचे पहिले चार बाइट, बाइट लिहिण्याच्या सोळा-आधारी अंकपद्धतीत, ‘डी० सीएफ ११ ई०’ असतात. ते नसतील, तर फाइल बहुधा ‘डॉक’ नाहीच किंवा तिचे तोंडच तुटले आहे.

मजकूर क्रमाने लावणारा आणखी एक तक्ता ‘डॉक’मध्ये असतो. त्याला तुकडे-तक्ता म्हणता येईल. मूळ मजकूर न हलवता, नवे लिखाण शेवटी जोडून ‘हा तुकडा येथून, तो तेथून’ अशी नोंद ठेवण्याची ही युक्ती आहे. तिच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. काही लेखक ती झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातील ब्राव्हो या मजकूर-संपादन प्रोग्रामपासून (१९७४) मोजतात. बटलर लॅम्पसन व चार्ल्स सिमोनी यांनी तो रचला. इतरांच्या मते कल्पना संगणकशास्त्रज्ञ जे. स्ट्रॉदर मूर यांची असून ती १९७० च्या दशकाच्या आरंभी, त्यांच्या एडिनबरो येथील कामात आकारास आली. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्राव्होमुळे ती प्रत्यक्ष वापरात रुजली, एवढे श्रेय पहिल्या मताला द्यावे लागते. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये वर्ड बाजारात आले. तुकडे-तक्ता वर्डमध्ये आला तो याच वाटेने, असे मानण्यास आधार आहे. पुनर्प्राप्तीच्या दृष्टीने हा इतिहास केवळ कुतूहलाचा नाही. जुन्या वर्डमधील ‘फास्ट सेव्ह’ याच तत्त्वावर चाले. त्यामुळे तशा फाइलमधून कच्चा मजकूर उपसला की खोडलेली वाक्येही वर येतात आणि परिच्छेद उलटसुलट लागतात. त्यांतले लेखकाने शेवटी काय ठेवले होते, हे केवळ उपशावरून ठरत नाही.

‘डॉकएक्स’ २००७ पासून आली. ती झिप पेटी, म्हणजे अनेक फाइली संकुचित करून एकत्र बांधलेली एकच फाइल असते. मजकूर ‘वर्ड’ कप्प्यातील ‘डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल’मध्ये, तर चित्रे ‘मीडिया’मध्ये ठेवलेली असतात. झिपची मुख्य सूची पेटीच्या शेवटी असल्याने शेपूट तुटलेली फाइल पूर्णच गेल्यासारखी वाटते. पण प्रत्येक घटकाच्या अगोदर त्याचे स्वतःचे शीर्षही असते आणि सुरुवातीपासून ती शीर्षे शोधत गेल्यास बरेच हाती लागते. संकुचित घटक मध्येच बिघडला, तर बिघाडाच्या जागेपर्यंतचा भाग सहसा उलगडतो, पुढचा नाही.

प्रत्यक्ष कामाचा पहिला नियम म्हणजे मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर काम करणे. दुरुस्तीच्या नादात मूळ फाइलवरच ‘सेव्ह’ दाबल्याने गेलेला मजकूर हे बिघाडाने गेलेल्या मजकुराइतकेच खरे नुकसान असते. त्यानंतर वर्डमधील ‘ओपन अँड रिपेअर’, लिबरऑफिसमध्ये उघडून पाहणे, ‘डॉकएक्स’चे नाव ‘झिप’ करून पेटी उकलणे हे उपाय येतात. फाइल उघडते पण वर्ड बंद पडते, अशा वेळी शेवटची परिच्छेदखूण वगळून बाकी सर्व नव्या फाइलमध्ये चिकटवतात, कारण त्या खुणेत शेवटच्या विभागाची मांडणी साठवलेली असते.

मराठी मजकुराची अडचण वेगळी आहे आणि इंग्रजीपुरत्या मार्गदर्शिकांत ती येत नाही. युनिकोड म्हणजे सर्व लिप्यांतील चिन्हांना एकेक क्रमांक देणारी पद्धत. ‘डॉक’मध्ये युनिकोड देवनागरीचे प्रत्येक चिन्ह दोन बाइटांचे असते, ‘क’चा क्रमांक ०९१५. केवळ रोमन अक्षरे शोधणारे साधन अशा फाइलमधून लेखकाचे नाव, फॉन्टची नावे एवढेच काढते आणि माणूस फाइल रिकामी समजून टाकून देतो. एका बाइटने वाचन सरकले, तरी सगळी अक्षरे अनोळखी लिप्यांत जातात. ‘डॉकएक्स’मध्ये देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे असते व त्याची सुरुवात ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ अशी होते. तुटलेल्या फाइलमधील संकुचित घटक उलगडल्यावर त्यात मराठी शोधण्याची ही भरवशाची खूण आहे.

युनिकोडपूर्व फॉन्टांत बसवलेली फाइल याच्या अगदी उलट वागते. श्रीलिपी किंवा आयएसएम या भारतीय लिप्यांच्या टंकन-प्रणालींच्या फॉन्टांतील मजकूर एकेक बाइटाचा असल्याने साध्या साधनालाही सापडतो, पण रोमन अक्षरे व चिन्हे यांच्या खिचडीसारखा दिसतो. कोणता फॉन्ट होता हे कळले, तरच तो वाचता येतो. खानदेशात लग्नपत्रिका, स्मरणिका, प्रबंध आणि अहिराणी संग्रह अशा फॉन्टांत बसवलेले आहेत. दुकानदाराची फॉन्टची सीडी म्हणूनच फाइलइतकीच जपण्याजोगी आहे.

अहिराणी मजकुरात शेवटची पायरी विशेष जोखमीची असते. अहिराणीत मराठी ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो : डोळा, ‘डोया’. ‘शे’, ‘उघडस’ ही रूपे मराठी शब्दतपासनीस चुकीची ठरवतो. वाचवलेल्या फाइलवर आपोआप दुरुस्ती चालवल्यास बोलीच पुसली जाते आणि हे नुकसान डोळ्यांना दिसतही नाही. गहाळ अक्षरे अंदाजाने भरू नयेत. जेथे काही वाचता आले नाही तेथे टिंबे द्यावीत. जुन्या कागदांच्या संपादनात हीच पद्धत आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांचे निधन १९२६ मध्ये धुळ्यात झाले आणि त्यांचे दप्तर जपण्यासाठी पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या गावात फाटक्या कागदावरचे अक्षर आणि फाटक्या फाइलमधले अक्षर यांना एकच शिस्त लावणे कोणालाही अवघड वाटू नये.