वीर्य तपासणी : माणसाचा डोळा की कॉम्प्युटर

वीर्य तपासणीत मेन तीन गोष्टी बघतात: शुक्राणूंचा काउंट किती, ते हलतात किती आणि त्यांचा आकार कसा आहे. हे काम टेक्निशियन मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी करतो किंवा कॅमेरा आणि सॉफ्टवेअर लावून मशीन करतं, त्या मशीनला कासा म्हणतात. मशीन आहे म्हणजे बरोबरच असणार असं लोकांना वाटतं, पण तसं नाहीये.

डोळ्याची गडबड हालचाल बघताना होते. नजर पळणाऱ्या शुक्राणूंकडे आपोआप जाते, पडून राहिलेले सुटतात, त्यात मोजेपर्यंत बाहेरून अजून चार पोहत येतात, मग टक्केवारी वाढूनच येते. म्हणून पळणारे आधी मोजायचे, थांबलेले नंतर. सेकंदाला 25 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा जास्त वेग असेल तर तो शुक्राणू 'फास्ट', म्हणजे साधारण त्याच्या डोक्याच्या पाचपट अंतर, आता हे नुसतं बघून कसं ठरवणार? इथे मशीन सरळ जिंकतं, सेकंदाला 50-60 फ्रेम घेऊन प्रत्येकाचा रस्ता आखतं आणि वेग काढून देतं.

काउंटमध्ये मात्र उलटं होतं. सॅम्पलमध्ये कचरा किंवा इतर गोल पेशी असल्या की मशीन त्यांनाच न हलणारे शुक्राणू समजून मोजतं, काउंट खूप कमी असेल तर हा घोळ जास्तच दिसतो. शुक्राणूंची गर्दी असली की दोघांचे रस्ते क्रॉस होतात आणि कोण कुठला ते मशीनला कळत नाही, मग सॅम्पल पातळ करावं लागतं. शिवाय सेटिंग बदललं की आकडा बदलतो! तेच सेटिंग ठेवलं तर मशीन तीच चूक दहा वेळा अगदी सारखी करेल आणि रिपोर्ट बघून शंकाही येणार नाही.

डब्ल्यूएचओच्या वीर्य तपासणीच्या मॅन्युअलच्या 2021 च्या सहाव्या आवृत्तीतही काउंटसाठी न्यूबाउअर चेंबर (मोजणीसाठी बारीक चौकोन आखलेली काच) आणि हाताने मोजणी हीच मूळ पद्धत आहे. एका सॅम्पलचे दोन भाग घेऊन प्रत्येकी किमान 200 शुक्राणू मोजायचे, दोन्ही आकडे जुळले नाहीत तर परत करायचं. कारण साधं गणित आहे, 100 मोजले तर नुसत्या योगायोगाने 10% च्या आसपास फरक पडतो, 400 मोजले तर 5%. हा नियम मशीनलाही लागू.

आकाराच्या बाबतीत माणसामाणसांतच सगळ्यात जास्त मतभेद असतात. नॉर्मल आकाराच्या शुक्राणूंची खालची मर्यादाच 4% आहे, त्यामुळे एकाने 3 लिहिले आणि दुसऱ्याने 5 तर रिपोर्टचा अर्थच फिरतो. आणि सॅम्पल नीट न हलवता थेंब घेतला असेल तर मग डोळा काय नि मशीन काय, दोघंही चुकीचंच मोजणार.