जड धातूंची शैवलांवरील विषाक्तता : पाण्याच्या रसायनाचा प्रभाव

गोड्या पाण्यातील शैवलांना तांबे, जस्त, कॅडमियम इत्यादी धातूंची बाधा किती होईल, हे धातूच्या केवळ एकूण मात्रेवरून सांगता येत नाही; तो कोणत्या रासायनिक रूपात आहे, हे त्याहून महत्त्वाचे ठरते. ‘जड धातू’ ही संज्ञा मुळात सैल असून आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००२ मधील तांत्रिक अहवालात तिच्यावर आक्षेप घेतलेला आहे. रूढ म्हणून ती येथे ठेवली आहे.

खानदेशातील विहिरींचे पाणी बहुतांशी बेसाल्ट खडकातून व तापीकाठच्या गाळातून झिरपून येत असल्याने ते सामान्यतः अल्कधर्मी व दुष्फेन (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे जड) असते. शेततळ्यातील शेवाळ मारण्यासाठी मोरचूद (तांब्याचे सल्फेट) फडक्यात बांधून पाण्यात फिरवतात. अशा पाण्याच्या बादलीत मोरचूद विरघळवल्यास पाणी फिकट निळे, गढूळ होते व काही वेळाने तळाशी साका बसतो; हे तांब्याचे अविद्राव्य कार्बोनेट होय. विरघळून राहिलेल्या तांब्याचाही बराच भाग कार्बोनेटाशी आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातील ह्यूमिक द्रव्यांशी बांधला जातो. मोकळा ताम्र आयन अत्यल्प उरतो, आणि बाधा मुख्यतः त्याची होते.

दुष्फेनता शैवलांचे रक्षण करते काय, याविषयी मतभेद आहेत. माशांच्या कल्ल्यांवर कॅल्शियम धातूशी स्पर्धा करून विषाक्तता घटवते, हे चांगले प्रस्थापित आहे. शैवलांच्या बाबतीत मात्र निष्कर्ष जाती व धातूनुसार बदलतात, आणि तांब्यापुरता तरी सामूचा (पीएच) परिणाम अधिक ठळक दिसतो. सामू वाढला की मोकळा आयन घटतो, पण पेशीपृष्ठावर स्पर्धा करणारे हायड्रोजन आयनही घटतात. म्हणून मोकळ्या आयनाची मात्रा तीच असता अल्कधर्मी पाण्यात बाधा अधिक होते. प्रस्तुत लेखकाला हेच मत अधिक ग्राह्य वाटते. भर उन्हात शैवले कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतात व दाट शेवाळाच्या तळ्याचा सामू चढतो. त्यामुळे पहाटेच्या व दुपारच्या नमुन्यांची तुलना जपून करावी लागते. प्रयोगशाळेतील संवर्धन-द्रावणात ईडीटीए हा धातुबंधक असल्यास तो धातूला बांधून ठेवतो व विषाक्तता प्रत्यक्षाहून कमी भासते.

ऋणायनरूपी (ऋण प्रभाराच्या आयनात असणाऱ्या) धातूंची गोष्ट वेगळी आहे. क्रोमेट सल्फेटाच्या वाटेने पेशीत शिरते, त्यामुळे पाण्यात सल्फेट भरपूर असल्यास त्याची बाधा सौम्य होते. धातुसदृश आर्सेनिकाच्या आर्सेनेट रूपाबाबत हेच काम फॉस्फेट करते.