मंगळवारची क्रमवारी : अमेरिकी कॉलेज फुटबॉलची निवड समिती आणि माध्यमं

अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात आज १३० हून अधिक संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२ सामने येतात. बहुतेक संघ एकमेकांसमोर कधी येतच नाहीत. त्यामुळे देशात सरस कोण, हे नुसत्या गुणतक्त्यावरून ठरत नाही; कोणाला तरी मत द्यावं लागतं. हे मत देणाऱ्यांमध्ये, नाहीतर त्यांना अगदी खेटून, माध्यमं पहिल्यापासून बसलेली आहेत.

१९३६ साली असोसिएटेड प्रेस म्हणजे एपी या वृत्तसंस्थेने क्रीडापत्रकारांच्या मतांवरून दर आठवड्याला क्रमवारी द्यायला सुरुवात केली. क्रीडा संपादक ॲलन गूल्ड यांना सामन्यांच्या दोन शनिवारांमधल्या दिवसांत वाचकांसाठी वादाचा विषय हवा होता. १९५० मध्ये युनायटेड प्रेसने प्रशिक्षकांच्या मतांची वेगळी क्रमवारी आणली. या विभागाचा विजेता एनसीएए ही नियामक संस्था स्वतः ठरवत नसल्याने वृत्तसंस्थांच्या याद्यांनाच विजेतेपदाचा मान मिळाला. दोन याद्यांमध्ये अर्थातच एकमत नसे. १९९०, १९९१ आणि १९९७ या तिन्ही हंगामांत दोन-दोन विजेते झाले.

मधल्या काळात पैशाचं गणित बदललं होतं. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएची दूरचित्रवाणी हक्कांवरची मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठांचे गट, म्हणजे कॉन्फरन्स, वाहिन्यांशी थेट करार करू लागले. इथून पुढे क्रमांक वर-खाली होण्याला रोख किंमत आली.

१९९८ मध्ये आलेल्या बीसीएस (बाऊल चॅम्पियनशिप सीरिज) पद्धतीत एपीची यादी, प्रशिक्षकांची यादी आणि संगणकी गुण एकत्र करून अंतिम सामन्याचे दोन संघ काढले जात. २००३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया दोन्ही याद्यांत पहिला असूनही संगणकी गुणांमुळे अंतिम सामन्याबाहेर राहिला. मग २००४ पासून सूत्र बदलून एपी, प्रशिक्षक आणि संगणक यांना प्रत्येकी एक-तृतीयांश वजन दिलं गेलं. म्हणजे दोन-तृतीयांश भार मानवी मतांवर आला, आणि त्याच वर्षी टेक्ससचे प्रशिक्षक मॅक ब्राउन यांनी आपल्या संघाला वर ठेवावं असं मतदारांना जाहीर आवाहन केलं. त्याच्याशी स्पर्धेत असलेल्या कॅलिफोर्नियाने (हा सदर्न कॅलिफोर्नियाहून वेगळा संघ) आपला शेवटचा सामना २६-१६ असा जिंकला, टेक्ससचा त्या दिवशी सामनाही नव्हता. तरी बीसीएसच्या चौथ्या क्रमांकावर टेक्सस आला आणि रोज बाऊल या हंगामअखेरच्या मानाच्या ‘बाऊल’ सामन्यातली जागा त्याला मिळाली. दोन्ही मानवी याद्यांत कॅलिफोर्निया शेवटपर्यंत पुढेच होता. फक्त अंतर घटलं, आणि सूत्रात तेवढं पुरलं.

त्या डिसेंबरमध्येच एपीने आपली यादी बीसीएसमधून काढून घेतली. बातमी देणाऱ्यानेच बातमी घडवायची, हा पेच तोवर लपण्यासारखा राहिला नव्हता. एपीच्या जागी हॅरिस पोल आला. त्यात माजी खेळाडू, प्रशिक्षक आणि प्रशासकांबरोबर पत्रकारही होते. संस्था बाहेर पडली तरी पत्रकारांचं मत सूत्रात राहिलंच.

२०१४ पासून कॉलेज फुटबॉल प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणारी चार संघांची बाद फेरी, आणि तिची निवड समिती आली. पहिल्या समितीत १३ जण नेमले गेले : क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक, माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस आणि एक माजी पत्रकारही. कामाची पद्धत नेटकी आहे. प्रत्येक सदस्य आधी ३० संघांची बिनक्रमाची यादी देतो. मग प्रत्येकाने सर्वोत्तम वाटणारे सहा संघ निवडायचे. सर्वाधिक मतांचे सहा एका गटात येतात आणि त्यांना एक ते सहा क्रमांक दिले जातात. बेरीज सर्वांत कमी असलेले तीन संघ यादीत बसतात, उरलेले तीन पुढच्या गटात जातात. २५ संघ होईपर्यंत अशाच फेऱ्या चालतात. ज्याचा एखाद्या विद्यापीठाशी आर्थिक संबंध असेल त्याला त्या संघाच्या चर्चेत आणि मतदानात भाग घेता येत नाही.

हे नियम सदस्याचे हितसंबंध रोखतात, पण बाहेरच्या दबावावर त्यांत उपाय नाही. ही क्रमवारी हंगामाच्या उत्तरार्धात दर मंगळवारी ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर जाहीर होते आणि प्लेऑफच्या प्रक्षेपणाचे मुख्य हक्कही ईएसपीएनकडेच आहेत. एनसीएएची बास्केटबॉल समिती जवळजवळ सगळं एकदाच, शेवटी जाहीर करते. इथे मात्र समिती दर आठवड्याला कोऱ्या कागदावरून सुरुवात करते असं सांगितलं जातं आणि प्रेक्षक आधीच्या मंगळवारचा आकडा धरून बसतो. पहिल्याच वर्षी तिसऱ्या क्रमांकावरचा टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) शेवटचा सामना ५५-३ असा जिंकून सहावा झाला. साप्ताहिक यादीच नसती, तर ही घसरण म्हणून कोणाला दिसलीही नसती.

२०२३ मध्ये १३-० असा अपराजित फ्लोरिडा स्टेट पाचवा ठरला आणि एक पराभव असलेला अलाबामा चौथा. कारण सांगितलं गेलं ते क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार असलेल्या जॉर्डन ट्रॅव्हिसच्या दुखापतीचं. प्रमुख खेळाडूची अनुपलब्धता विचारात घेण्याची मुभा नियमांत आहेच. संशय मात्र ईएसपीएनवर गेला, कारण अलाबामाच्या एसईसी कॉन्फरन्सचे हक्क २०२४ पासून संपूर्णपणे त्याच समूहाकडे जाणार होते. हा आरोप सरळ टिकत नाही : फ्लोरिडा स्टेटच्या एसीसी कॉन्फरन्सचे हक्कही ईएसपीएनकडेच होते. समितीला फोन गेल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. आमच्या मते प्रभाव असतो तो चर्चेची चौकट आखण्यात. ‘सर्वोत्तम चार की सर्वाधिक पात्र चार’ हा प्रश्न स्टुडिओत आठवडाभर घोळला, की समितीला त्याच शब्दांत उत्तर द्यावं लागतं.

२०२४ मध्ये प्लेऑफ १२ संघांचं झालं. वादाची रेषा चौथ्या-पाचव्या जागेवरून खाली सरकली. २०२५ मध्ये नोत्र दाम आठवड्यांमागून आठवडे मायामीच्या पुढे होता. दोघांचे १०-२ असे निकाल, ऑगस्टमधला आपसातला सामना मायामीने २७-२४ असा जिंकलेला. शेवटच्या आठवड्यात दोघेही खेळले नाहीत, पण दोघांच्या मधला बीवाययू (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) हरून खाली आल्याने ते यादीत शेजारी आले, आपसातला निकाल लागू झाला आणि नोत्र दाम बाहेर पडला. त्याआधीच्या दिवसांत मायामीच्या कॉन्फरन्सचं एसीसी नेटवर्क, म्हणजे ईएसपीएनचीच वाहिनी, तोच सामना पुन्हा पुन्हा दाखवत होती. नोत्र दामच्या क्रीडा संचालकांनी एसीसीच्या या मोहिमेवर आणि साप्ताहिक कार्यक्रमावर उघड टीका केली, आणि संघाने त्या वर्षी बाऊल सामना खेळायलाच नकार दिला. ईएसपीएनचा प्लेऑफ करार २०३१-३२ च्या हंगामापर्यंत आहे.