जीपीआयबी: मीटरच्या मागचा तो २४ पिनांचा कनेक्टर आला कुठून

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत जिथं रिले, मीटर, पॅनेलचं टेस्टिंग चालतं तिथल्या एखाद्या जुन्या बेंच मल्टिमीटरची मागची बाजू बघा, २४ पिनांचा रुंद कनेक्टर हमखास दिसेल. नवीन पोरं विचारतात, यूएसबी असताना हे कशाला?

तर १९६० च्या दशकाच्या शेवटी हेवलेट-पॅकार्ड कंपनी मीटर, काउंटर, सिग्नल जनरेटर असं बरंच काही बनवायची, पण हे सगळं कंप्युटरला जोडायचं म्हणजे दरवेळी वेगळी वायरिंग. म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी एकच बस, म्हणजे सगळी उपकरणं ज्यावर जोडता येतील अशी सामायिक वायरिंग काढली, एचपी-आयबी. १९७५ ला आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेनं ती ४८८ नंबरचं स्टँडर्ड केली आणि इतर कंपन्या तीच जीपीआयबी नावानं वापरायला लागल्या.

यात सिग्नलच्या लाइनी १६. आठ डेटाच्या, पाच कंट्रोलच्या, आणि तीन हँडशेकच्या (म्हणजे 'तयार आहे', 'मिळालं' असे इशारे देणाऱ्या), खरी कमाल या तिघींची आहे. कोण बोलणार, कोण ऐकणार हे कंट्रोलर (बहुतेक वेळा कंप्युटर) ठरवतो, बोलणारा एका वेळी एकच, ऐकणारे अनेक चालतात. बोलणाऱ्यानं बाइट टाकायचा तो ऐकणारे सगळे तयार झाल्यावरच, आणि सगळ्यांनी घेतला हे कळेपर्यंत तो काढायचा नाही. एकानं जरी लाइन खाली ओढून धरली तरी ती खालीच राहते, शेवटचा सोडेल तेव्हा वर येते, त्यामुळे वेग आपोआप सगळ्यात हळू ऐकणाऱ्याचा होतो आणि डेटा कुणाचाच सुटत नाही. जुना हळू प्लॉटर (पेननं आलेख काढणारं यंत्र) आणि नवा मीटर एकाच केबलवर सुखानं नांदतात ते यामुळेच, आणि माझ्या मते ही बस इतकी वर्षं टिकली तीही यामुळेच.

मर्यादा होत्याच, कंट्रोलर धरून १५ उपकरणं, एकूण केबल २० मीटर, वेग सेकंदाला १ मेगाबाइटपर्यंत.

पण ४८८ नं वायर ठरवली, भाषा नाही ठरवली. व्होल्टेज वाचायला प्रत्येक कंपनीची कमांड वेगळी, मीटर बदलला की प्रोग्राम परत लिहा. १९८७ ला ४८८.२ आलं, त्यात उपकरणाची ओळख विचारणं, रीसेट वगैरे कॉमन कमांड ठरल्या, आणि १९९० ला एससीपीआय ही उपकरणांसाठीची सामायिक कमांड-भाषा आल्यावर मोजमापाच्या कमांडही बऱ्याच सारख्या झाल्या. आज यूएसबी किंवा लॅनवरून मीटरशी बोलतो तेव्हाही बहुतेक वेळा हीच एससीपीआय असते, फक्त केबल बदलली. ४८८.२ च्या आधीचा मीटर हाती आला तर मात्र मॅन्युअल शोधाच, ओळख विचारल्यावर तो गप्प बसला म्हणून बिघडलेला समजू नका.