झूमधला गेंडा जंगलात जगत नाही? खुलासा

परवा गंगापूर रोडच्या टपरीवर पुन्हा तेच ऐकलं, "झूमधलं गेंड्याचं पिल्लू जंगलात सोडलं की संपलंच. पैदास नुसती तिकिटं खपवायला." व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरणारं हे वाक्य खोटं आहे.

जून २०१९ मध्ये युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेले पाच काळे गेंडे विमानाने रवांडाच्या अकागेरा राष्ट्रीय उद्यानात गेले. थेट मोकळे सोडले नाहीत. आधी चेक प्रजासत्ताकात काही महिने एकत्र ठेवले, अकागेरात पोचल्यावर छोटं कुंपण, मग मोठं.

पैदास सोपी नाही, एवढं मात्र खरं. गाभणकाळ साधारण पंधरा महिने, दोन पिल्लांत अडीच-तीन वर्षांचं अंतर. नर-मादी चुकीच्या वेळी एकत्र आणले तर जीवघेणी झुंज होते, म्हणून मादी माजावर कधी येते ते शेणातल्या संप्रेरकांवरून ओळखतात. (हो, शेण तपासणं हे झूमधलं रोजचं काम!)

खाण्याची गोष्ट आणखी गमतीची. काळा गेंडा गवत्या नव्हे. धरणाकाठी शेळी बाभूळ ओरबाडते ना, तसा हा टोकदार वरच्या ओठाने काटेरी फांदी ओढतो आणि कात्रीने कापावी तशी तिरकी तोडतो. झाडपाल्याऐवजी पेंड-गवतावर ठेवला तर अंगात लोह साचतं.

१९७० च्या सुमारास ६५ हजार असलेले काळे गेंडे १९९५ पर्यंत अडीच हजारांखाली आले. आज सहा हजारांवर आहेत. ही वाढ मुख्यतः आफ्रिकेतल्या राखीव जंगलांची आणि झिंबाब्वेतल्या सावे खोऱ्यासारख्या खासगी रानांची. झू म्हणजे राखीव गंगाजळी.