नवी हार्ड डिस्क बसवली आणि पीसी रांगायला लागला

चार टेराबाइटची नवी हार्ड डिस्क आणली, कॅबिनेट उघडून बसवली, फाइल एक्सप्लोररमध्ये ती दिसायलाही लागली. पण तेव्हापासून पीसी सुरू व्हायला चार-पाच मिनिटं लागतात, फोल्डर उघडताना गोल चक्र फिरत राहतं आणि मध्येच दहा-पंधरा सेकंद सगळंच ठप्प होतं. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘एकदा फॉरमॅट मारून घ्या’. तो इथे बहुतेक वेळा निरुपयोगी असतो, आणि कधीकधी घातकही. या दुखण्यात प्रोसेसर क्वचितच दमलेला असतो. तो कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत बसलेला असतो. कुणाच्या, ते आधी शोधायचं.

पहिली चाचणी फुकट आहे. शिफ्ट की दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलं तर साध्या शटडाउनने पीसी पूर्ण बंद होत नाही, सिस्टिमचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो, आणि अशा अवस्थेत डिस्क काढणं धोक्याचं असतं. मग प्लग काढा आणि पुढचं पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणाऱ्या पेटीत) उरलेला चार्ज निघून जातो. आता नव्या डिस्कच्या दोन्ही केबल काढा: डेटाची सात पिनांची अरुंद (हीच साटा केबल) आणि वीजपुरवठ्याची पंधरा पिनांची रुंद. पीसी सुरू करा.

तरीही पीसी मंदच असेल तर डिस्क निर्दोष आहे, धक्का दुसरीकडे लागलाय. कॅबिनेटमध्ये हात घालताना दोन गोष्टी नेहमी बिघडतात. एक, रॅमची पट्टी खाचेतून किंचित वर येते. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये मेमरी बघा. ८ जीबीच्या जागी ४ जीबी दिसत असेल तर कारण सापडलं, कारण रॅम कमी पडली की विंडोज डिस्कलाच रॅमसारखं वापरायला लागतं. पट्टी काढून, दोन्ही बाजूंना सारखा दाब देत, क्लिप ‘टक्’ करून बसेपर्यंत दाबा. दोन, साटा केबल प्रोसेसरच्या पंख्यात अडकते किंवा पंख्याचा कनेक्टर निघतो. प्रोसेसर ९०-१०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि मग नोटपॅडसुद्धा जड वाटायला लागतं.

डिस्क काढल्यावर पीसी पूर्वीसारखा पळायला लागला, तर दोष डिस्क, केबल, पोर्ट, वीजपुरवठा किंवा एखादं सेटिंग यांपैकी एकात आहे. डिस्क परत जोडा आणि टास्क मॅनेजरमध्ये तिच्या नावावर क्लिक करा. तिथे दोन आकडे दिसतात: ‘ॲक्टिव्ह टाइम’ टक्क्यांत आणि ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ मिलिसेकंदांत. बहुतेक लोक पहिल्या आकड्याला घाबरतात. निदान मात्र दुसऱ्यावरून होतं.

त्यासाठी डिस्कच्या आत काय चालतं ते थोडं समजून घ्यायला हवं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीसाठी ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली, म्हणजे हेडखाली, यायला सरासरी अर्धी फेरी लागते, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. त्याआधी हेड तबकडीवरच्या योग्य गोल मार्गावर (ट्रॅकवर) नेणारा दांडा हलवायला साधारण ८ ते १० मिलिसेकंद जातात. थोडक्यात, इकडेतिकडे विखुरलेली एक छोटी नोंद वाचायला १३ मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५ नोंदी. प्रत्येक नोंद ४ केबीची धरली तर सेकंदाला ३०० केबी! हीच डिस्क सलग ठेवलेली मोठी फाइल वाचताना सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी सहज देते. त्यामुळे ‘ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के आणि वेग फक्त १ एमबी’ हे दृश्य दिसलं म्हणून डिस्क आजारी ठरत नाही. तिला विखुरलेलं काम पडलंय, इतकंच. रिस्पॉन्स टाइम १० ते ३० मिलिसेकंद असेल तर ती तिचं काम नीट करतेय, भार असताना तो शंभरापर्यंत गेला तरी चालतं. पण काहीही कॉपी होत नसताना तो कित्येक शे किंवा हजारांत जात असेल, तर खरा बिघाड आहे.

आता क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. ‘गुड’ हा निळा शिक्का बघून थांबू नका, खालची यादी वाचा. कच्च्या मूल्यांचा स्तंभ सुरुवातीला षोडशमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी सोळा हा पाया धरून लिहिलेला असतो. मेनूतून तो दशमान करून घ्या, नाहीतर आकडे उगाच अंगावर येतात.

सगळ्यात आधी सी-७ क्रमांकाची ओळ बघा. डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत जाताना माहिती बिघडली तर तपासणीची बेरीज जुळत नाही आणि तोच मजकूर परत पाठवावा लागतो. अशा प्रत्येक वेळी हा आकडा एकने वाढतो. म्हणजे दोष तबकडीत नाही, वाटेत आहे. साटा केबल नव्वद अंशांत दाबून वाकवलेली, कॅबिनेटच्या झाकणाखाली चेपलेली किंवा टोकाला ढिली असते. वरचेवर चुका झाल्या की दोन्ही बाजू मिळून वेगही खाली आणतात. याच सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्रान्सफर मोड’पुढे साटा ६०० च्या जागी साटा १५० दिसायला लागतं. सी-७ चा आकडा कधीच कमी होत नाही, म्हणून तो शून्य होण्याची वाट बघू नका. आजचा आकडा कागदावर लिहा, धातूच्या क्लिपची नवी केबल घाला, मदरबोर्डवरचा पोर्ट बदला, आणि पन्नास-शंभर जीबी कॉपी करून परत बघा. आकडा तिथेच थांबला असेल तर आजार बरा झाला. जुन्या कॅबिनेटमधून काढून ठेवलेली केबल नव्या डिस्कला लावणं ही फार मोठी चूक आहे. केबल शे-दीडशे रुपयांत मिळते.

शून्य-५, सी-५ आणि सी-६ या ओळींचा अर्थ वेगळा आहे. शून्य-५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर (माहिती साठवायचे छोटे कप्पे), सी-५ म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट बघणारे सेक्टर, सी-६ म्हणजे डिस्कने स्वतः तपासूनही न वाचलेले. नव्या डिस्कमध्ये हे तिन्ही शून्यच हवेत. सी-५ वाढलेलं असताना पीसी का अडकतो? घरगुती डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही की हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कित्येक सेकंद. तोवर तिच्याकडे आलेल्या बाकीच्या मागण्या रांगेत उभ्या राहतात. नासच्या (नेटवर्कवर सगळ्यांना मिळणाऱ्या साठवणीच्या) पेटीत वापरायच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत माघार घेतात, ते याच कारणाने. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, ‘विंडोज लॉग्ज’खाली ‘सिस्टिम’ उघडा. तिथे क्रमांक १५३ म्हणजे मागणी पुन्हा पाठवावी लागली, १२९ म्हणजे उत्तरच न आल्याने विंडोजने डिस्कला रीसेट केलं, आणि ७ म्हणजे खराब ब्लॉक. पीसी ठप्प झाल्याची वेळ आणि या नोंदींची वेळ जुळली की शंका उरत नाही.

अशा डिस्कवर आधी चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासणारं साधन) चालवायचं नाही. सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने ४ टीबी नुसती वाचायलाच साडेसात तास लागतात, आणि आजारी डिस्कला तेवढी धावपळ झेपेलच असं नाही. आधी महत्त्वाची माहिती बाहेर काढा, मग बिल घेऊन डिस्क बदलून मागा. डिस्क मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली असो की ऑनलाइन मागवलेली, पहिल्याच दिवशी शून्य-९ ची ओळ, म्हणजे ती आजवर किती तास चालली आहे, तेही बघून ठेवा. नव्या डिस्कमध्ये हा आकडा नगण्य असतो.

वीजपुरवठ्याचा दोष ओळखायला ओळ शून्य-सी बघायची, म्हणजे डिस्कची वीज किती वेळा सुरू झाली. साडेतीन इंची डिस्क तबकड्यांना वेग देताना १२ व्होल्टवर साधारण २ ॲम्पिअर ओढते, नंतर तिला जेमतेम ५ ते ८ वॉट पुरतात. जुना एसएमपीएस किंवा ढिला जोड असला की तेवढ्यात ती बंद पडून पुन्हा सुरू होते, ‘टिक’ असा आवाज येतो, आणि पीसी बंद केला नसतानाही हा आकडा वाढतो. वीजेची केबल दुसऱ्या सरळ फाट्यावरून घ्या, मधला जोडतुकडा काढून टाका.

डिस्क चारही स्क्रूंनी घट्ट बसवणं ही हौस नाही, ती गरज आहे. डिस्कवरचे मार्ग आता शंभर नॅनोमीटरच्या आत-बाहेर रुंदीचे असतात आणि नुसत्या थरथरीने हेड मार्गावरून ढळतं. ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्समध्ये चालू डिस्कच्या रांगेपुढे तोंड नेऊन मोठ्याने ओरडून दाखवलं, आणि प्रतिसादाचा वेळ वाढलेला आलेखात तत्काळ दिसला. मग शेजारच्या डिस्कला टेकलेली, केबलवर लोंबणारी डिस्क काय करेल? साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात, अडीच इंचीला बारीक. अदलाबदल केली तर आटे जातात.

आता सर्वांत गोंधळाचा प्रकार. स्मार्टचे सगळे आकडे स्वच्छ आहेत, केबल नवी आहे, पण मोठी कॉपी करताना पहिले काही जीबी झरझर जातात आणि मग वेग २०-३० एमबीवर किंवा त्याच्याही खाली कोसळतो. ही डिस्क बहुधा ‘एसएमआर’ प्रकारची आहे. लिहिणारं हेड वाचणाऱ्या हेडपेक्षा रुंद असतं. जागा वाचवण्यासाठी या डिस्कमध्ये मार्ग कौलारू छपरासारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात. खालचं एक कौल बदलायचं तर वरची कौलं उचलावी लागतात, तसंच एक मार्ग बदलायचा तर त्या पट्ट्यातले पुढचे सगळे मार्ग पुन्हा लिहावे लागतात. हे लपवण्यासाठी डिस्क नवीन मजकूर आधी एका मोकळ्या साठ्यात टाकते आणि सवडीने आत लावते. साठा भरला की सवड संपते. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिन्ही उत्पादकांनी काही मॉडेलांत हे तंत्र ठळक न सांगता वापरल्याचं मान्य केलं. ग्राहकांचा राग रास्तच होता. वेस्टर्न डिजिटलने त्याच वर्षी ‘रेड प्लस’ हे नवं नाव देऊन साधं, म्हणजे ‘सीएमआर’ तंत्र वेगळं केलं. खरेदीआधी कंपनीच्या तपशीलपत्रात ‘सीएमआर’ लिहिलंय का ते बघा. फोटो-सिनेमे एकदा ठेवून नंतर फक्त बघायचे असतील तर एसएमआर चालते. रोज एडिटिंग करायचं असेल, किंवा अनेक डिस्क जोडून त्या एकच डिस्क असल्यासारख्या (‘RAID’ पद्धतीने) चालवायच्या असतील, तर घेऊ नका. घेतलेली असेल तर मोठ्या कॉपीनंतर पीसी लगेच बंद न करता तासभर तसाच राहू द्या, तिला आवराआवर करता येते.

‘बसल्या बसल्या मध्येच दहा सेकंद अडकतो आणि मग सुरळीत चालतो’ ही तक्रार मात्र बिघाडाचीच असते असं नाही. वापर नसला की विंडोज दुसरी डिस्क थांबवते, नेहमीच्या ‘बॅलन्स्ड’ योजनेत २० मिनिटांनी. मग तुम्ही काहीही सेव्ह करायला गेलात की एक्सप्लोरर सगळ्या ड्राइव्हकडे डोकावतो आणि झोपलेली डिस्क पूर्ण वेग घेईपर्यंत खिडकी गोठते. पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग उघडून ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’पुढे शून्य टाका.

त्याच बैठकीत पेजिंग फाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज रॅमसारखी वापरते ती डिस्कवरची फाइल, कुठे आहे तेही बघा. एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) झिजू नये म्हणून काहीजण ती नव्या हार्ड डिस्कवर हलवतात, आणि वर मांडलेलं १३ मिलिसेकंदांचं गणित मग रॅमच्या वाट्याला येतं. ती एसएसडीवर परत न्या.

फार जुन्या पीसीत आणखी दोन कारणं सापडतात. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) साटा ‘आयडीई’ मोडमध्ये असेल तर डिस्कला एका वेळी एकच मागणी मिळते. ‘एएचसीआय’मध्ये ती ३२ मागण्या हाती घेऊन, पोस्टमन गल्लीनुसार पत्रं लावतो तशी, सोयीच्या क्रमाने उरकते. पण मोड थेट बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवू शकतं. आधी सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या ‘बूट’ टॅबमध्ये सेफ बूट निवडा, रीस्टार्ट करताना बायॉसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा सुरू झालं की तो पर्याय काढा. दुसरं कारण क्लोनचं, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवण्याचं. नव्या डिस्कचे सेक्टर आतून ४०९६ बाइटचे असतात, तर विंडोज एक्सपीच्या काळातलं पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) ५१२ बाइटच्या ६३ व्या सेक्टरपासून, म्हणजे ३२,२५६ व्या बाइटपासून सुरू होतं. त्याला ४०९६ ने भाग जात नाही. मग प्रत्येक छोटं लेखन दोन सेक्टरांवर पसरतं, आणि डिस्कला दोन्ही आधी वाचून मग लिहावे लागतात. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट’ला ४०९६ ने भागून बघा. बाकी उरली तर पार्टिशन नव्याने बनवून फाइली कॉपी करा. ‘फॉरमॅट मारून घ्या’ त्याच पार्टिशनवर मारलं तर इथेही काही बदलत नाही.

आणि यातलं काहीच नसेल, विंडोजच नव्या हार्ड डिस्कवर टाकलेलं असेल, तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. विंडोज १० आणि ११ सुरू होताना हजारो छोट्या नोंदी मागतात आणि सेकंदाला ७५ च्या हिशेबाने त्या मिनिटंच घेणार. विंडोजसाठी २५० जीबीची साटा एसएसडी घ्या, नवी मोठी डिस्क साठवणीला ठेवा. मदरबोर्ड जुना आहे, त्याचा साटा सेकंदाला ३०० एमबीच देतो, म्हणून एसएसडीचा उपयोग नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सुरू होताना पीसीला सेकंदाला ३०० एमबी क्वचितच लागतात. त्याला प्रत्येक नोंद १३ मिलिसेकंदांऐवजी ०.१ मिलिसेकंदात हवी असते, आणि ती जुन्या पोर्टवरही मिळते.