फुटबॉलमधील समलिंगी खेळाडू : प्रसिद्धी आणि स्वीकार

व्यावसायिक फुटबॉल खेळत असताना किंवा निवृत्तीनंतर स्वतःची समलिंगी ओळख जाहीर केलेले खेळाडू, वृत्तमाध्यमांनी त्यांची घेतलेली दखल आणि संघसहकारी, क्लब, प्रेक्षक व नियामक संस्था यांनी त्यांचा केलेला स्वीकार हा या नोंदीचा विषय. अमेरिकन फुटबॉलचा उल्लेख तुलनेपुरताच केला आहे.

आरंभ कोणापासून धरावा याबद्दल मतभेद आहेत. काही लेखक तो इंग्लंडच्या लिली पार (१९०५–७८) या खेळाडूपर्यंत मागे नेतात. डिक, कर लेडीज या संघाची ही खेळाडू मेरी नावाच्या जोडीदारासह उघडपणे राहत होती, असे सांगितले जाते. मात्र समकालीन पुरावा तुटपुंजा असल्याने आणि ‘उघडपणे’ हे विशेषण बहुधा नंतरच्या लेखनात चिकटल्याने हा दावा जपूनच स्वीकारावा लागतो. पुरुष खेळाडूंपैकी पहिला मान सर्वसाधारणपणे जस्टिन फॅशनू (१९६१–९८) याला दिला जातो. तरी ‘पहिला’ कोण, हे खेळाडू त्या वेळी कराराने बांधलेला होता का, सामने खेळत होता का आणि कोणत्या श्रेणीत, यांवर ठरते. वृत्तपत्रांनी या अटी सोयीने बदलल्यामुळे १९९० नंतर निरनिराळे खेळाडू ‘पहिले’ ठरले आहेत.

फॅशनू प्रथम गाजला तो गोलमुळे. फेब्रुवारी १९८० मध्ये नॉर्विच सिटीकडून लिव्हरपूलविरुद्ध खेळताना गोलकडे पाठ असलेल्या फॅशनूने उजव्या पायाने चेंडू हलकेच वर उचलला आणि गिरकी घेऊन डाव्या पायाने जाळ्यात मारला. सामना लिव्हरपूलने ५–३ असा जिंकला, पण बीबीसीचा मोसमातील सर्वोत्तम गोल हाच ठरला. १९८१ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याला दहा लाख पौंडांना घेतले. एवढी किंमत मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश फुटबॉलपटू होता. २२ ऑक्टोबर १९९० रोजी ‘द सन’ने त्याची कबुली पहिल्या पानावर छापली. त्यात ओळखीपेक्षा भानगडींना अधिक जागा होती, आणि पुढे फॅशनूने स्वतःही वृत्तपत्रांना खऱ्याखोट्या कहाण्या विकल्या, त्यामुळे हा अध्याय निव्वळ छळाचा म्हणून मांडणे अपुरे ठरते. त्याचा भाऊ जॉन यानेही त्याच्याशी जाहीरपणे नाते नाकारले. यानंतर तो टॉर्की युनायटेड, एअरड्रिओनियन्स आणि हार्ट्स या संघांकडून खेळला. ‘कबुलीने कारकीर्द तत्काळ संपली’ हे प्रचलित विधान त्यामुळे शब्दशः खरे नाही. अमेरिकेत लैंगिक अत्याचाराचा आरोप झाल्यानंतर, तो नाकारणारी चिठ्ठी मागे ठेवून, मे १९९८ मध्ये त्याने लंडनमध्ये आत्महत्या केली.

फॅशनूच्या कबुलीनंतरची दोन दशके पुरुषांच्या वरच्या श्रेणीत जवळपास रिकामी आहेत. २०११ मध्ये स्वीडनच्या अँटन हिसेनने ‘ऑफसाइड’ मासिकात ओळख जाहीर केली. तो चौथ्या श्रेणीत खेळत होता. तरी बातमी जगभर गेली, त्याला वडील ग्लेन हिसेन हे लिव्हरपूलचे माजी खेळाडू असणे काही अंशी कारण असावे. अमेरिकेचा रॉबी रॉजर्स याने १५ फेब्रुवारी २०१३ रोजी कबुली आणि निवृत्ती एकदमच जाहीर केली. मात्र २६ मे रोजी तो एलए गॅलेक्सीकडून ७७ व्या मिनिटाला मैदानात उतरला. जर्मनीकडून ५२ सामने खेळलेला थॉमस हिट्झल्सपेर्गर जानेवारी २०१४ मध्ये ‘डी त्साइट’ या साप्ताहिकाशी बोलला, तेही निवृत्तीनंतर.

पुढे वार्ताहराची मध्यस्थी कमी झाली. ऑस्ट्रेलियाच्या जॉश कॅव्हालोने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि चेक आंतरराष्ट्रीय खेळाडू याकुब यांक्टोने फेब्रुवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर चित्रफीत टाकली. ब्लॅकपूलचा सतरा वर्षांचा जेक डॅनियल्स मे २०२२ मध्ये स्काय स्पोर्ट्सशी बोलला, तेव्हा त्याने त्याच महिन्यात पहिल्या संघाकडून पदार्पण केले होते. त्याच्या खेळाविषयी लिहिण्यासारखे थोडे असल्याने बहुतेक वृत्तांत फॅशनूकडेच वळले.

प्रेक्षकांच्या वृत्तीविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत. एलिस कॅशमोर आणि जेमी क्लीलंड यांच्या २०१२ मधील निबंधानुसार सुमारे ३,५०० प्रतिसादकांपैकी ९३ टक्क्यांनी समलिंगीद्वेषाला फुटबॉलमध्ये जागा नसल्याचे मत दिले. ही पाहणी ऑनलाइन व स्वेच्छेची होती; प्रश्नावलीत सभ्य उत्तर देणारा माणूस स्टँडमधल्या घोळक्यात तसाच वागेल असे नाही, हा आक्षेप वजनदार वाटतो. जानेवारी २०२२ मध्ये मेलबर्नच्या सामन्यात कॅव्हालोला प्रेक्षकांच्या शिव्या ऐकाव्या लागल्या. ड्रेसिंग रूममधील स्वीकार मात्र अनेकदा अपेक्षेपेक्षा सहज दिसतो. सप्टेंबर २०२० मध्ये सॅन डिएगो लॉयल या अमेरिकन क्लबच्या, उघडपणे समलिंगी असलेल्या कॉलिन मार्टिनला प्रतिस्पर्धी खेळाडूने अपशब्द वापरल्याचा आरोप झाला (त्या खेळाडूने तो नाकारला). ३–१ अशी आघाडी असताना लॉयलचा संपूर्ण संघ मैदान सोडून गेला आणि सामना गमावून बसला. लॉयलचा प्रशिक्षक अमेरिकेचा माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू लँडन डोनोव्हन होता.

नियामक संस्थांचे धोरण दुटप्पी राहिले आहे. २०२२ च्या कतार विश्वचषकात ‘वनलव्ह’ ही भेदभावाविरुद्धची दंडपट्टी बांधणाऱ्या कर्णधारांना पिवळे कार्ड दाखवण्याचा इशारा फिफाने दिला आणि युरोपीय संघांनी माघार घेतली. जर्मन खेळाडूंनी जपानविरुद्धच्या सामन्याआधी छायाचित्रासाठी तोंडावर हात ठेवून निषेध केला.

अमेरिकन फुटबॉलमध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या मायकेल सॅमची २०१४ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीत (ड्राफ्टमध्ये) २४९ व्या क्रमांकावर निवड झाली, पण नियमित मोसमाचा एकही सामना त्याला मिळाला नाही. २०२१ मध्ये कार्ल नॅसिब हा ओळख जाहीर करून खेळणारा एनएफएलचा पहिला खेळाडू ठरला. मूळ फुटबॉलकडे परतायचे तर दक्षिण आफ्रिकेत ओळख जाहीर केलेला खेळाडू म्हणून फुटी लेकोलोआने या गोलरक्षकाचे नाव घेतले जाते. तो मुख्यतः खालच्या श्रेणींत खेळला.

महिला फुटबॉलमध्ये अशी ओळख असणे फार पूर्वीपासून नेहमीचे आहे, आणि बहुधा म्हणूनच ‘पहिला’च्या याद्यांत ते क्वचित येते. अमेरिकेची मेगन रॅपिनो २०१२ पासून उघडपणे समलिंगी आहे. २०१९ च्या विश्वचषकात स्वीडनच्या विजयानंतर मॅग्डालेना एरिक्सन प्रेक्षकांत बसलेल्या डेन्मार्कच्या पेर्निले हार्डरचे चुंबन घेत असल्याचे छायाचित्र जगभर पसरले. पुढच्याच वर्षी हार्डर एरिक्सनच्या चेल्सी संघात आली, तेव्हा चर्चा झाली ती महिला फुटबॉलमधील विक्रमी हस्तांतर रकमेची.